गेलेल्या चिजा

बडी बोल्डनचा मेणाचा सिलिंडर. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वादकांच्या बोलण्यात तो असे. बोल्डनच्या बँडने एकदा मेणाच्या नळकांड्यावर वाजवलं होतं म्हणत. शोधणाऱ्यांनी पुष्कळ शोधला, मिळाला नाही. त्याच्या कॉर्नेटचा आवाज मैलोगणती जायचा, हेही ऐकीवच. पक्कं एवढंच की १९०७ मध्ये त्याला लुइझियानाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं आणि चोवीस वर्षांनी तो तिथेच मेला. जॅझचा पहिला राजा म्हणून ज्याचं नाव घेतात, त्याचा एक सूरही शिल्लक नाही. बँडबरोबरचा एक फोटो आहे. पुरला तिथे खूण नव्हती, त्यामुळे थडगं नेमकं कुठे तेही सांगता येत नाही.

रेकॉर्डिंगचा कर्णा. एप्रिल १९२३, इंडियाना राज्यातलं रिचमंड गाव, पियानोच्या कारखान्याच्या आवारातला जेनेट रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. मायक्रोफोन अजून यायचा होता. भिंतीतून एक भलामोठा कर्णा बाहेर आलेला, आणि किंग ऑलिव्हरचा सगळा बँड त्याच्यासमोर दाटीवाटीने उभा. ड्रमचा दणका सुईला झेपत नसे, म्हणून ड्रमरच्या हातात लाकडी ठोकळे दिलेले. एकविशीतल्या लुई आर्मस्ट्राँगचा आवाज गुरू ऑलिव्हरच्या आवाजाला झाकून टाकायचा, म्हणून त्याला पार मागे, खोलीच्या कोपऱ्याकडे उभं केलं. शेजारच्या रुळांवरून गाडी गेली की काम थांबे. एका बाजूला तीन मिनिटं. काय सांगायचं ते तेवढ्यात सांगा आणि बाजूला व्हा. १९४८ मध्ये एलपी आली आणि ही शिस्त सैल झाली. त्यात सगळ्यांचं भलंच झालं असं मला वाटत नाही.

दात. पितळी वाद्य दातांच्या आधारावर वाजतं. ओठ वाद्याच्या मुखनळीवर दाबला जातो, आणि त्याच्यामागे भिंत हवी. किंग ऑलिव्हरच्या हिरड्या सडल्या आणि ती भिंत गेली. हाच तो माणूस, ज्याने आर्मस्ट्राँगला न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला बोलावून घेतलं. १९२७ मध्ये हार्लेमच्या कॉटन क्लबने आधी त्यालाच विचारलं होतं. पैसे कमी वाटले म्हणून तो नाही म्हणाला, आणि ती जागा ड्यूक एलिंग्टन नावाच्या एका तरुणाला मिळाली. मग मंदी आली, बँका बुडाल्या, दात गेले. बँड घेऊन तो दक्षिणेतल्या गावोगावी फिरत राहिला. बस बंद पडायची, वादक पळून जायचे. शेवटी जॉर्जियातल्या सव्हाना गावात तो थांबला. भाजीची गाडी लावली. मग एका बिलियर्ड खोलीत झाडलोटीचं काम धरलं. सकाळी नऊला उघडायचं, मध्यरात्री बंद करायचं. आर्मस्ट्राँग त्या गावी कार्यक्रमाला आला तेव्हा त्याला आपला गुरू भाजी विकताना दिसला. त्याने आणि त्याच्या बँडवाल्यांनी खिशात होते तेवढे पैसे दिले, आणि ऑलिव्हर रात्री नीटनेटका पोशाख करून कार्यक्रमाला हजर झाला. एप्रिल १९३८ मध्ये तो गेला. बहिणीने घरभाड्याचे पैसे खर्चून प्रेत न्यू यॉर्कला आणलं. दगडासाठी काही उरलं नाही.

आजच्या ट्रम्पेटवाल्याला दातांचा डॉक्टर मिळतो. विमा असला तर.

फिरते बँड. ओक्लाहोमा, टेक्सस, कॅन्सस, नेब्रास्का. शेकडो मैलांच्या त्या माळावर आपापला मुलूख वाटून घेतलेले बँड हिंडायचे, आपल्याकडे तमाशाचे फड हिंडत तसे. बहुतेकांची रेकॉर्ड कधी निघालीच नाही. वॉल्टर पेजचे ब्लू डेव्हिल्स या बँडच्या नावावर एकच तबकडी आहे, दोन बाजूंची. काउंट बेसी आणि लेस्टर यंगसारखे लोक तिथून पुढे आले. बाकीचे शाळेत शिकवायला लागले, कारखान्यात गेले, किंवा कुठे गेले ते कोणी लिहून ठेवलं नाही.

त्यांच्या बसही गेल्या. मिसिसिपीतल्या पायनी वूड्स शाळेतून निघालेल्या ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’ या मुलींच्या बँडच्या बसमध्ये झोपायला फळ्या होत्या, कारण दक्षिणेत काळ्या मुलींना हॉटेलात खोली मिळत नसे. बँडमध्ये गोऱ्या मुलीही होत्या. पोलीस आले की त्या चेहऱ्याला गडद पावडर फासून बसत, कारण काळ्यांबरोबर एका बसने प्रवास हाच गुन्हा होता. एलिंग्टनने १९३० च्या दशकात यावर वेगळा तोडगा काढला. दक्षिणेच्या दौऱ्यासाठी त्याने रेल्वेचे स्वतंत्र पुलमन डबेच भाड्याने घेतले. तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं, स्टेशनवर उतरायचं ते थेट वाजवायला. ज्यांना डबा परवडत नसे ते ‘ग्रीन बुक’ घेऊन निघत. हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ मध्ये ते छापायला सुरुवात केली होती. काळ्या माणसाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे पेट्रोल, याची गाववार यादी. नागरी हक्कांचा कायदा झाल्यावर दोन-तीन वर्षांत ते बंद पडलं. बंद पडण्यासाठीच काढलेलं ते बहुधा एकमेव पुस्तक असेल.

पगार. हॅरी कार्नी १९२७ मध्ये, सतराव्या वर्षी एलिंग्टनच्या बँडमध्ये बॅरिटोन सॅक्सोफोन घेऊन बसला आणि उठलाच नाही. सत्तेचाळीस वर्षं. पुढे पुढे दौऱ्यावर बाकीचा बँड बसने जाई आणि एलिंग्टन कार्नीच्या मोटारीत, त्याच्या शेजारी बसून. बिग बँडचा जमाना उलटला तरी एलिंग्टनने आपल्या गाण्यांच्या रॉयल्टीतून पंधरा-सोळा माणसांचे पगार चालू ठेवले. हिशेबाच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता. त्याचं उत्तर सोपं होतं. आज लिहिलेलं आजच ऐकायला मिळतं, त्याची ही किंमत. मे १९७४ मध्ये एलिंग्टन गेला. त्याच ऑक्टोबरात कार्नी गेला. एका बँडमध्ये उभी हयात काढण्याची सोय त्यानंतर जॅझमध्ये जवळजवळ उरली नाही. आजचा वादक एका आठवड्यात चार बँडमध्ये वाजवतो आणि पाचव्यात कोणी बोलावतं का ते बघतो.

सॅव्हॉयचा लाकडी मजला. लेनॉक्स अव्हेन्यू, हार्लेम, १९२६ ते १९५८. दोन व्यासपीठं असायची, एक बँड थांबला की दुसरा सुरू. नाचणाऱ्यांत काळे-गोरे सरमिसळ. ११ मे १९३७ रोजी पाठीत कुबड असलेला, जेमतेम उंचीचा ड्रमर चिक वेब याने इथे बेनी गुडमनच्या बँडला हरवलं, तेव्हा हजारो लोक आत शिरायला न मिळाल्यामुळे रस्त्यावर उभे होते. आता तिथे वसाहतीच्या इमारती आहेत.

एकटा सॅव्हॉय गेला असता तर शहर वाढलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण देशभरातली नाचघरं का ओस पडली, याच्या कारणांत एक कर आहे, आणि त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. १९४४ मध्ये युद्धखर्चासाठी केंद्र सरकारने करमणुकीवर जबर कर बसवला. सुरुवातीला तीस टक्के, काही महिन्यांत वीस. जिथे खाणं-पिणं आहे आणि गाणं किंवा नाच आहे, तिथे बिलावर हा कर. नुसतं वाद्य वाजत असेल आणि लोक खुर्चीवर बसून ऐकत असतील, तर कर नाही. मालकाने काय करावं? गायिका काढली, नाचायची जागा टेबलांनी भरली, पंधराऐवजी चार वादक ठेवले. युद्ध संपलं, कर राहिला. तो पूर्ण उठला १९६५ मध्ये. जॅझ हे डोळे मिटून, मान हलवत ऐकायचं गंभीर संगीत कसं झालं यावर विद्वानांनी बरंच लिहिलंय. त्यातला काही भाग तरी कर खात्याच्या नावे लिहायला हवा.

दोन वर्षं. १ ऑगस्ट १९४२ रोजी वादकांच्या युनियनने रेकॉर्ड कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. रेकॉर्ड वाजल्या की जिवंत वादकाची रोजी जाते, तेव्हा त्यातला वाटा द्या, ही मागणी. मागणी चूक नव्हती. शेवटच्या मोठ्या कंपन्या नमल्या त्या १९४४ च्या नोव्हेंबरात. नेमक्या याच काळात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये शेजारी शेजारी बसून वाजवत होते आणि बीबॉप ही जॅझची नवी शैली जन्माला येत होती. त्या बँडची एकही रेकॉर्ड नाही. म्हणून १९४५ च्या तबकड्या पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की हे संगीत आकाशातून पडलं.

मिंटन्समधला सोमवार. हार्लेमच्या ११८ व्या रस्त्यावर हेन्री मिंटनचा क्लब होता. सोमवारी रात्री वादकांना जेवण फुकट, आणि जेवल्यावर व्यासपीठ मोकळं. पैसे न घेता कुठेही वाजवलं की युनियन दंड करी, पण मिंटन स्वतः युनियनचा माजी पदाधिकारी, त्यामुळे तिथे कोणी वही घेऊन फिरकत नसे. नवखा आला की थेलोनियस मंक आणि गिलेस्पी ओळखीच्या गाण्याचे स्वरमेळ असे फिरवत, वाटेल तो स्वर षड्ज धरत, की येणारा दोन मिनिटांत वाद्य पेटीत ठेवायचा. घरी जाऊन रियाज करायचा आणि काही महिन्यांनी परत यायचा. फी नाही, पदवी नाही. आता हे कॉलेजात शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. पण तिथून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असतं. त्या सोमवारांनी कोणाला कर्जात टाकलं नव्हतं.

न्यू यॉर्कचा ५२ वा रस्ता. एका गल्लीत ओळीने क्लब, दिवसभर ऑफिसात बसणाऱ्याला परवडतील अशा दरात. चाळिशीचं दशक संपता संपता तिथे कपडे उतरवणाऱ्या बायकांचे खेळ आले, मग बुलडोझर, मग काचेचे टॉवर. रस्त्याच्या पाटीवर ‘स्विंग स्ट्रीट’ लिहिलंय.

कॅबरे कार्ड. हे गेलं ते बरं झालं. १९४० पासून न्यू यॉर्कमध्ये दारू मिळते अशा ठिकाणी काम करायचं तर पोलिसांचं कार्ड लागे. बोटांचे ठसे, फोटो, दर दोन वर्षांनी नवं. वादकाला लागे, तसंच वेटरला आणि भांडी घासणाऱ्यालाही. एकदा अटक झाली की कार्ड गेलं. बिली हॉलिडेला १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाली. सुटून आल्यावर काही दिवसांतच मार्च १९४८ मध्ये तिने कार्नेगी हॉल खचाखच भरवला. तिथे दारू मिळत नव्हती, म्हणून परवानगी होती. कोपऱ्यावरच्या साध्या क्लबात मात्र ती त्यानंतर अकरा वर्षं, मरेपर्यंत गाऊ शकली नाही. इस्पितळाच्या खाटेवरच तिला पुन्हा अटक झाली. जुलै १९५९ मध्ये ती गेली तेव्हा बँकेत सत्तर सेंट होते.

थेलोनियस मंकचं कार्ड १९५१ मध्ये गेलं. गाडीत मित्राबरोबर बसला होता, पोलिसांना पुडी सापडली, मंकने कोणाचं नाव सांगितलं नाही. साठ दिवस तुरुंग आणि सहा वर्षं कामबंदी. वयाच्या चौतिशीपासून चाळिशीपर्यंतची वर्षं! नेली ही त्याची बायको नोकरी करायची, त्यावर घर चाललं. १९५५ मध्ये एका कंपनीने त्याचा करार दुसरीला विकला, तो शंभराहून थोड्या जास्त डॉलरला; तेवढंच त्याचं देणं निघत होतं. १९५७ मध्ये कार्ड परत मिळालं आणि तो ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये जॉन कोल्ट्रेनला घेऊन बसला. त्या उन्हाळ्यातल्या त्या रात्री ऐकलेले लोक पुढे आयुष्यभर त्याबद्दल बोलत राहिले. पण टेप? त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरला दोघांनी कार्नेगी हॉलमध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात वाजवलं होतं. ती टेप ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या फडताळात पडून होती. २००५ मध्ये जुन्या टेप डिजिटल करताना तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या हाती लागली. तोवर मंकला जाऊन तेवीस वर्षं झाली होती, कोल्ट्रेनला अडतीस. कार्डाची पद्धत १९६७ मध्ये संपली. ज्यांची वर्षं त्यात गेली त्यांना कोणी भरपाई दिली नाही.

डीन बेनेडेटीच्या तबकड्या. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका क्लबात तबकडी कापायचं यंत्र घेऊन बसला आणि फक्त चार्ली पार्करचे सोलो टिपले. पार्कर थांबला की यंत्र बंद. इतरांची त्याला पर्वा नव्हती. पुढे न्यू यॉर्कलाही त्याने हेच केलं. चाळीसेक वर्षं त्या तबकड्या म्हणजे दंतकथा होत्या. मग त्याच्या भावाकडे सापडल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झाल्या. ऐकायला बसलं की पियानोवाल्याचा पहिला सूर येतो न येतो तोच तुटतं. भक्ताने केलेलं काम, त्यामुळे देवापलीकडे काही नाही.

पार्करचा प्लास्टिकचा सॅक्सोफोन. १९५३ च्या टोरोंटोतल्या मैफलीत त्याने तोच वाजवला. चांगला सॅक्सोफोन गहाण होता म्हणतात. १९९४ मध्ये कॅन्सस सिटी शहराने तो लंडनच्या लिलावात ९३,५०० पौंडांना घेतला. पार्कर १९५५ मध्ये गेला तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरने प्रेताचं वय पन्नाशीच्या पुढचं लिहिलं. तो चौतीस वर्षांचा होता.

क्षय. जिमी ब्लँटन, बास, २३ व्या वर्षी. चार्ली ख्रिश्चन, गिटार, २५. फॅट्स नव्हारो, ट्रम्पेट, २६.

मेरी लू विल्यम्सचं दुकान. कॅन्सस सिटीच्या दिवसांपासूनची पियानिस्ट. चाळिशीच्या दशकात हार्लेममधल्या तिच्या घरी मंक, बड पॉवेल वगैरे काम आटोपून पहाटे येत, तिच्या पियानोवर नव्या चाली दाखवत. १९५४ मध्ये पॅरिसमध्ये ती भर कार्यक्रमातून उठली आणि तीन वर्षं वाजवलं नाही. न्यू यॉर्कला परतून जुन्या कपड्यांचं दुकान काढलं. नशेतून बाहेर पडू बघणाऱ्या वादकांना त्या पैशांतून मदत करायची. ओळखीच्या नामवंतांकडून झगे, कोट, टोप्या मागून आणायच्या आणि विकायच्या. दुकान चाललं नाही. आज अशा कामासाठी संस्था आहेत. न्यू जर्सीतलं एंगलवूड इस्पितळ गरजू जॅझवाल्यांवर फुकट उपचार करतं, कारण १९९३ मध्ये तिथे मरण्यापूर्वी डिझी गिलेस्पीने डॉक्टरांना तशी विनंती केली होती. मेरी लूच्या दुकानाचा उल्लेख मात्र चरित्रांत परिच्छेदापुरता येतो. तिच्या रेकॉर्डइतकंच ते मोठं काम होतं असं माझं मत आहे.

हेन्री ग्राइम्सचा बास. ज्युलियार्डमध्ये शिकलेला, १९५८ च्या न्यूपोर्ट महोत्सवात सहा वेगवेगळ्या बँडबरोबर वाजवलेला, सनी रॉलिन्सपासून आल्बर्ट आयलरपर्यंत सगळ्यांना हवा असलेला वादक. साठचं दशक संपताना कॅलिफोर्नियाला गेला. वाटेतल्या उन्हात बास तडकला. दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून विकून टाकला. मग तीसेक वर्षं पत्ता नाही. संदर्भग्रंथांनी त्याला मृतांत जमा केलं. २००२ मध्ये एका चाहत्याने त्याला लॉस एंजेलिसमधल्या एका खोलीत शोधून काढलं. तो झाडलोट, पहारा, मिळेल ते काम करत आला होता. वह्या भरून कविता लिहिल्या होत्या. आयलर १९७० मध्येच मेल्याचं त्याला माहीत नव्हतं. न्यू यॉर्कच्या विल्यम पार्करने त्याला हिरव्या रंगाचा एक बास पाठवून दिला. वर्षभरात ग्राइम्स पुन्हा मंचावर होता आणि पुढे बरीच वर्षं वाजवत राहिला. एप्रिल २०२० मध्ये कोविडने गेला. त्याच दोन-तीन आठवड्यांत ली कोनित्झ, एलिस मार्सालिस, वॉलेस रोनी, बकी पिझारेली गेले.

मध्येच थांबण्याची मुभा. १९५९ मध्ये, नाव शिखरावर असताना, सनी रॉलिन्सने काम बंद केलं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास सॅक्सोफोन वाजवायचा. खालून बोटी, शेजारून लोकलगाडी. दोन वर्षं. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीला पुन्हा सगळं सोडून तो भारतात आला आणि मुंबईत, पवईच्या चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला. १९७८ मध्ये पहिल्या जॅझ यात्रेत वाजवायला आला तेव्हा मुंबई त्याला नवी नव्हती. आता दोन वर्षं गप्प बसलेल्या वादकाला लोक विसरतात. त्याहून मोठी अडचण घरभाड्याची.

टेडी वेदरफर्ड. शिकागोचा पियानिस्ट, अर्ल हाइन्सच्या तोडीचा. १९२६ मध्ये आशियाच्या दौऱ्यावर निघाला आणि कायमचा तिथलाच झाला. शांघाय, मग मुंबईचा ताज, मग कोलकाता. अमेरिकेत राहिला असता तर कदाचित हाइन्सइतकं नाव झालं असतं. पण ताजमध्ये तो मुख्य दरवाजाने आत जात होता, आणि त्याच काळात त्याच्या देशातल्या पुष्कळ हॉटेलांत त्याच्यासारख्याला मागच्या दाराने यावं लागे. १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने गेला. त्याच्या आणि त्याच्याआधी ताजमध्ये वाजवलेल्या लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ यांच्या बँडमुळे गोव्याच्या वादकांना हे संगीत समोर बसून शिकायला मिळालं. चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले हे वादक. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यातलाच. १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांचा धंदा बसला आणि बँडवाले फिल्म स्टुडिओंकडे वळले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त, १९५१ मध्ये, चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. न्यू यॉर्कला करामुळे जे झालं ते इथे दारूबंदीमुळे, एवढाच फरक.

१९५८ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी आर्ट केनने हार्लेमच्या एका घराच्या पायऱ्यांवर ५७ जॅझवाल्यांचा फोटो काढला. सप्टेंबर २०२४ मध्ये बेनी गोल्सन गेला, आणि त्या दिवशी ५७ पैकी एकटा रॉलिन्स उरला. पण त्या फोटोतला कोण कुठे उभा आहे हे आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी वेळेवर बसून नावं लिहिली. मुंबई-गोव्याच्या बँडवाल्यांच्या बाबतीत हे काम अर्धंही झालेलं नाही. तुमच्या घरात कोणी हॉटेलात, जहाजावर किंवा स्टुडिओत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजवलं असेल, तर त्यांच्या ट्रंकेतल्या हाताने लिहिलेल्या नोटेशनच्या वह्या आणि बँडचे फोटो रद्दीत देऊ नका. आणि ओळखणारं माणूस घरात आहे तोवर फोटोच्या मागे नावं लिहून घ्या.